थोरल्या राणीसाहेबांच्या आखूड खणाची हकीकत

श्रीगजाननास वंदन करून, कुलस्वामिनीस हात जोडून, आणि ही हकीकत कोणी लिहूं नये ऐसा सक्त हुकूम ज्यांनीं फर्माविला त्या थोरांसही लांबूनच मुजरा घालून लेखनास आरंभ करितों. शके सोळाशें एकोणपन्नास, प्लवंगनाम संवत्सरीं, एका राज्यांत (त्याचें नांव सांगत नाहीं, सांगितल्यास तेथील माणसें रागावतील आणि शेजारचीं राज्यें हसतील) चैत्रगौरीचें हळदीकुंकू जाहलें, आणि थोरल्या राणीसाहेब गजराबाई यांनीं खासा हातें कारभारी त्रिंबकपंत यांच्या कुटुंबाची, उमाबाईंची, ओटी भरिली आणि तींत एक खण घातला. खण जांभळ्या रेशमाचा, काठ लाल, पाहतां डोळे निवावे ऐसा. परंतु विणकराचें रेशीम मध्येंच सरलें होतें म्हणून वीतभर आखूड राहिला होता आणि त्यांतून चोळी होत नव्हती. राणीसाहेबांस हें ठाऊक होतें, म्हणूनच तो ओटींत गेला. पुरता लांब खण ओटींत घालील ऐशी बायको त्या राज्यांत अद्याप जन्मास यावयाची होती. तेथील रीत ऐशी कीं ओटींतला खण शिवावयाचा नाहीं, पेटींत ठेवावयाचा आणि पुढच्या शुक्रवारीं दुसरीच्या ओटींत घालावयाचा. आणि जिला खण मिळाला तिनें देणारीच्या घरीं कांहीं वस्तु पाठवावयाची, तीस परतभेट म्हणत. ऐसे कित्येक खण वर्षानुवर्षें गांवभर फिरत आणि फिरून मूळ घरीं येत, आणि मूळची मालकीण त्यास नवा म्हणून वाखाणी.

उमाबाईंनीं घरीं येतांच दार लोटलें आणि खण आपल्या जुन्या चोळीवर पसरून पाहिला, तों एका बाहीचा पत्ताच नाहीं. मग त्यांनीं घडी जशीच्या तशी घातली आणि पुढच्या शुक्रवारीं सेनापतींच्या कुटुंबाची, चंद्राबाईंची, ओटी भरिली आणि सांगितलें कीं राणीसाहेबांच्या हातचा खण, यास कात्री लावावयास जीव होईना. चंद्राबाई हरखल्या, आणि एवढ्या खणास सुपारीची परतभेट शोभेना म्हणून चांदीचा करंडा पाठविला. मग त्यांनींही दार लोटून खण पसरिला, आणि घडी घातली, आणि जामदारांच्या घरीं दिला, आणि कात्री लावावयास जीव होईना हेंच सांगितलें, आणि जामदारीणबाईंनीं करंड्याहून कमी कसें द्यावें म्हणून समई दिली. मग समईवर पैठणी आली, पैठणीवर पाटल्या आल्या, आणि श्रावणापर्यंत गोठ्यांतलीं जनावरें परतभेटींत जाऊं लागलीं. प्रत्येकीनें खण मोजिला होता आणि प्रत्येकीस वाटत होतें कीं मोजणारी आपण एकटीच. किंमत हा शब्द मात्र कोणी उच्चारीना. किंमत बाजारांत असते, ओटीस मान असतो, आणि त्या वर्षीं मान दर पंधरवड्यास चढत होता.

मग पुरुषांनीं यांत लक्ष घातलें आणि सगळा घोटाळा रीतसर जाहला. खण ज्या घरीं आहे त्याहून ज्या घरीं जावयाचा त्या घराची पत वाढली, आणि मग त्याच्याही पुढल्या घराची, आणि मग खण मिळण्याच्या पाळीची बोली होऊं लागली. ज्यांनीं खण डोळ्यांनीं पाहिला नव्हता त्यांनीं आपली पाळी दुसऱ्यास दिली आणि दुसऱ्यानें तिसऱ्यास, आणि चौथा तर खण म्हणजे कोणी घोडा आहे ऐसें समजून चाऱ्याची चौकशी करीत आला. त्यासही कोणी खरें सांगितलें नाहीं, पाळी मात्र दिली. चौकांतल्या हलवायानें कढई उतरवून पाळ्यांच्या चिठ्या सांभाळण्याचें काम धरिलें, तेणेंकरून राज्यांत पेढा मिळेनासा जाहला, याचें दुःख प्रस्तुत लेखकास आजही आहे. धाकट्या राणीसाहेबांस हें पाहवेना, तेव्हां त्यांनीं आपला स्वतंत्र खण काढिला आणि थोरल्यांचा वीतभर आखूड तर आमचा हातभर ऐसें म्हणून तो फिरविला, आणि तोही चालला. मग मानकऱ्यांच्या बायकांनीं काढिले, मग मुदपाकखान्याच्या बाईनें काढिला, आणि एक खण तर नुसता काठच होता, मध्यें कापडच नव्हतें, तोही चार दिवस लोकांनीं डोक्यावर घेतला. आणि त्रिंबकपंत कारभारी यांनीं सरकारी कोठारांतील जोंधळा देऊन थोरल्या खणाच्या पाळ्या घेतल्या, आणि महाराजांस अर्ज केला कीं कोठारें रिकामीं दिसतात, परंतु तीं हल्लीं पहिल्याहून अधिक भरलेलीं आहेत.

महाराज भोळे होते परंतु जोंधळ्याचे शौकीन होते. त्यांनीं दरबार भरविला, चिकाच्या पडद्याआड राणीवसा आणि मानकऱ्यांच्या बायका बसल्या, आणि महाराजांनीं पुसिलें कीं या खणांत ऐसें काय आहे तें आम्हांस कोणी समजावून सांगावें. तेव्हां शास्त्रीबोवा बोलिले कीं राणीसाहेबांचा हस्तस्पर्श आहे. महाराज म्हणाले, त्यांचा हस्तस्पर्श आमच्या पगडीसही रोज होतो, तीस कोणी म्हैस देत नाहीं. मग जव्हेरी बोलिला कीं ऐसा खण एकच आहे, दुसरा नाहीं. महाराजांनीं आपल्या पायाचा मोडका अंगठा पुढें केला आणि म्हणाले कीं ऐसाही एकच आहे. मग त्रिंबकपंत उठले आणि हात जोडून बोलिले, "महाराज, होन तरी कोण खातो? पुढचा घेईल या भरंवशावर आपण घेतों. खणाचेंही तसेंच आहे." हें ऐकून महाराजांनीं बोटांतली अंगठी बराच वेळ फिरवून पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला, तेव्हां जव्हेरी घाईनें म्हणाला कीं सोन्याची गोष्ट वेगळी, परंतु कशी वेगळी तें त्यास त्या दिवशीं सांगतां आलें नाहीं, आणि नंतरही कोणी पुसिलें कीं तो घरीं पाहुणे आले आहेत म्हणून उठत असे.

इतक्यांत चिकाआडून थोरल्या राणीसाहेब खणखणीत आवाजांत बोलिल्या, "तो खण आखूड आहे. चोळी होत नाहीं म्हणूनच मीं तो दिला." मग चंद्राबाई हळूच म्हणाल्या कीं आम्हांस ठाऊक होतें, आणि जामदारीणबाई म्हणाल्या कीं आम्हांसही, आणि एकामागून एक सगळ्याच म्हणाल्या, आणि पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले. आतां मान उतरणार ऐसें लेखकास वाटलें, कारण लेखक शहाणा आहे. परंतु दुसऱ्या दिवशीं सकाळीं परतभेट दुप्पट जाहली. लोक म्हणों लागले कीं आखूड आहे हें आतां सर्वांस कळलें, म्हणजे कात्री लावण्याची धास्ती कायमची गेली, म्हणजे हा खण अक्षय जाहला. त्या दिवसापासून लेखकानें आपल्या शहाणपणाविषयीं बोलणें सोडिलें आहे.

त्या सुमारास पीलखान्याचे दरोगा खंडोजी यांचें कुटुंब बनाबाई यांच्या मनांत खणानें घर केलें. खंडोजींचें घर खाऊनपिऊन सुखी. दारीं दोन दुभत्या म्हशी, मागें परडें, मुलगा मोहिमेवर गेलेला, आणि सून मंजुळा गरोदर. होणाऱ्या नातवंडास इनाम जमीन असावी, त्यानें हत्तींचा लेंडा उपसूं नये, एवढीच बनाबाईंची इच्छा होती, आणि ती कांहीं वाईट नव्हती. चंद्राबाईंकडे खण फिरून आला होता, आणि उमाबाई कारभारीण बोलून चुकल्या होत्या कीं संक्रांतीच्या हळदीकुंकवास जी तो खण माझ्या ओटींत घालील तीस विहिरीसुद्धां इनाम देईन. तेव्हां बनाबाईंनीं दोन्ही म्हशी, परडें आणि घरांतलीं अंथरुणें-पांघरुणेंसुद्धां चंद्राबाईंस परतभेट देण्याचें ठरविलें. खंडोजी म्हणाले, "अगं, म्हस दूध देती." त्यावर बनाबाई म्हणाल्या, "म्हस म्हातारी व्हती. खण म्हातारा व्हत न्हाई." खंडोजी दावीं सोडावयास गोठ्यांत गेले, आणि खरें सांगावें तर या बोलण्यास दरबारांतल्या कोणासही उत्तर सुचलें नसतें. म्हशी गेल्या आणि खण आला, आणि बनाबाईंनीं तो पेटींत ठेविला आणि संक्रांतीची वाट पाहूं लागल्या.

आतां या राज्याचा कुळाचार ऐसा कीं राजघराण्यांत कोणी वारल्यास सबंध मुलखांत ओटी, हळदीकुंकू आणि वाजंत्री बंद. आणि राजघराण्यांत महाराजांचे चुलते आबासाहेब होते, ते मागल्या चौकांतल्या खोलींत कित्येक वर्षें खोकत पडले होते आणि ते हयात आहेत याचा विसर त्यांच्या जेवणाचें ताट नेणाऱ्यासही मधून मधून पडत असे. ही गोष्ट मार्गशीर्षांत कोणाच्या तरी ध्यानांत आली, आणि मग काय विचारतां. आबासाहेब एकदां खोकले कीं पाळीची बोली उतरे, आणि गाढ झोंप लागली म्हणजे चढे. खोलीपाशीं मानकऱ्यांची दाटी जाहली. वैद्यबोवा बाहेर आले म्हणजे शंभर माणसें त्यांच्या तोंडाकडे पाहत, आणि वैद्यबोवांनीं पुढें आपल्या चेहऱ्यासच दर लाविला. शिंक आली तरी ते आधीं चार जणांस कळवीत. बनाबाई रोज आल्याचा काढा घेऊन जात. उमाबाई बदामाचा शिरा पाठवीत, कारण कोठारांतला जोंधळा पाळ्यांत अडकला होता आणि संक्रांतीस खण पुढें सरकला नाहीं तर त्रिंबकपंतांची मान जाण्याची वेळ होती. आबासाहेबांनीं पहिले आठ दिवस हें सारें खाल्लें आणि मग पुसिलें कीं आम्हांवर इतकी माया कशाची आली. वैद्यबोवा लबाड होते परंतु म्हाताऱ्याशीं खोटें बोलवेना, म्हणून त्यांनीं खणाची हकीकत सांगितली. तेव्हां आबासाहेब पोट धरून हसले आणि बोलिले, "इतकीं वर्षें इथें खोकतों आहें, कोणी पाणी पुसिलें नाहीं. त्या खणास आमचा आशीर्वाद सांगा." आणि मग म्हणाले कीं शिऱ्यांत केशर कमी आहे.

त्यांची तब्येत खरोखरच सुधारली होती, आणि ते मेले ते केवळ लोकांच्या काळजीनें मेले. संक्रांतीच्या सकाळीं उमाबाईंनीं शिऱ्याचें भांडें पाठविलें, आणि चंद्राबाईंनीं दुसरें, आणि हलवायानें आपल्या पाळ्यांच्या धास्तीनें तिसरें, आणि आबासाहेबांस नाहीं म्हणण्याची संवय राहिली नव्हती. तिसरें भांडें संपवून त्यांनीं समाधानानें ढेकर दिला आणि डोळे मिटले. त्या वेळीं बनाबाई दारांत रांगोळी काढून, होतें तें एकच लुगडें धुऊन नेसून, खण तबकांत घेऊन उभ्या होत्या, आणि उमाबाईंची पालखी त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीं आली होती. इतक्यांत राजवाड्यावरची नौबत थांबली. बनाबाईंनीं पाहिलें कीं पालखीचा पडदा किंचित हलला आणि आंतून कांहीं शब्द आले, आणि भोयांनीं जागच्या जागीं पालखी फिरविली आणि आल्या वाटेनें नेली. बनाबाई तबक घेऊन तशाच उभ्या राहिल्या. कोणी हांक मारिली नाहीं आणि कोणाची वाट पाहावी हेंही त्यांस कळेना.

मग जें होणार तें जाहलें. देतां येईना म्हणून कोणी घेईना, आणि कोणी घेईना म्हणतांच लोकांस एकाएकीं आठवलें कीं तो खण आखूड आहे. काल ज्यास अक्षय म्हणत त्यास चिंधी म्हणों लागले. ज्यांच्याजवळ पाळ्या होत्या ते एकमेकांच्या दारीं धरणें धरून बसले, आणि हलवायानें कढई पुन्हां चढविली. बनाबाई चंद्राबाईंकडे म्हशी मागावयास गेल्या, तेव्हां चंद्राबाई म्हणाल्या कीं परतभेट परत घेणें हा अपशकुन, आणि दूध हवें असेल तर रतीब लावा. त्या दिवसापासून बनाबाई आपल्याच म्हशींचें दूध विकत आणूं लागल्या, आणि आणतांना वाटेंत रडत, हें शेजारणींनीं पाहिलें आहे. चार दिवसांनीं पहाटे मंजुळा बाळंत जाहली, मुलगी जाहली. थंडी ऐशी कीं हत्तींसही गोण्या पांघरल्या होत्या, आणि घरांत तान्ह्या पोरीस गुंडाळावयास खंडोजींच्या पागोट्यावांचून कापड नाहीं. तेव्हां मंजुळा बाजेवरून म्हणाली, "आत्याबाई, त्यो खण द्या. कुंची शिवते." बनाबाई पेटीवर बसल्या त्या उठेनात. अद्याप लोकांस अक्कल येईल, सुतक सरेल, पालखी फिरून येईल, ऐसें त्यांचें मन सांगत होतें. मग पोरगी शिंकली. बनाबाई उठल्या, आणि कात्री त्यांनीं सुनेच्या हातीं दिली नाहीं, आपणच लाविली, आणि जांभळ्या रेशमाचे दोन तुकडे जाहले तेव्हां त्यांस म्हशी मेल्यासारखें वाटलें. चोळीस न पुरणारा खण कुंचीस मात्र भरपूर पुरला, आणि नाड्यांस काठही उरला.

इकडे त्रिंबकपंत स्वस्थ बसले नव्हते. महाराजांनीं जोंधळ्याची भाकर मागितली होती आणि कोठीवाल्यानें महाराजांस पाळीची चिठी दाखविली होती. तेव्हां त्रिंबकपंतांनीं शास्त्रीबोवांस गांठलें, आणि शास्त्रीबोवांनीं आधार काढिला कीं आबासाहेब गादीवर बसले नव्हते, सबब त्यांचें सुतक अर्धें, आणि ते स्वतः खुशींत वारले, सबब त्याच्याही अर्धें, म्हणजे रथसप्तमीस ओटी भरण्यास हरकत नाहीं. लागलीच शहरांत कुजबुज सुरू जाहली आणि पाळ्या पुन्हां बोलल्या जाऊं लागल्या. रथसप्तमीस दुपारीं उमाबाईंची पालखी बनाबाईंच्या दारीं उतरली. बारसें होऊन गेलें होतें. बनाबाई उन्हांत नातीस मांडीवर घेऊन बसल्या होत्या, आणि नातीच्या डोक्यावर खण होता.

उमाबाईंनीं तो पाहिला आणि त्या ओट्यावर मटकन बसल्या. मग पदर सांवरून, भोयांस दूर जावयास सांगून, त्या हलक्या आवाजांत म्हणाल्या कीं टाके बारीक आहेत, उसवतां येतील, मध्यें जोड दिला कीं घडींत दिसणार नाहीं, आणि घडी उघडून कोण पाहतो. बनाबाईंनीं शांतपणें पुसिलें कीं इनामाचें काय. उमाबाई म्हणाल्या कीं तें बोललें आहे तें खरेंच, विहिरीसुद्धां. बनाबाईंचे डोळे पाणावले. घर रिकामें होतें, दूध विकतचें होतें, आणि समोर इनाम बसलें होतें. त्यांचा हात कुंचीच्या नाडीकडे गेला. तेव्हां उमाबाई आणखी हळू आवाजांत म्हणाल्या, "फक्त सनद लगेच नाहीं हो. पुढच्या घरची परतभेट आली कीं त्यांतून. सध्यां आमच्याकडे कांहीं उरलें नाहीं."

बनाबाईंचा हात तसाच राहिला. "पुढचं घर कंचं, बाईसाहेब?"

उमाबाईंनीं आठवून पाहिलें. चंद्राबाईंनीं खणाचें नांव काढूं नये ऐशी शपथ घातली होती, जामदारीणबाई माहेरीं निघून गेल्या होत्या, धाकट्या राणीसाहेब बोलत नव्हत्या, थोरल्या राणीसाहेबांस विचारण्याची छाती नव्हती, आणि बाकी घरांत परतभेट देण्याजोगें मडकेंही राहिलें नव्हतें. मग त्या खरें तेंच बोलिल्या, कारण दुसरें कांहीं बोलावयास शिल्लक नव्हतें.

"तुमचेंच," त्या म्हणाल्या.

बनाबाईंनीं नाडीची गांठ नीट बांधिली, पोरीच्या हनुवटीस रुतूं नये ऐशी बेतानें, आणि म्हणाल्या, "मग ऱ्हाऊ द्या, बाईसाहेब. हितंच थांबला त्यो. ताक घ्या, लांबनं आलासा." आणि उमाबाईंनीं ताक घेतलें. तें चंद्राबाईंकडून विकत आणिलेल्या दुधाचें होतें, आणि उमाबाईंनीं सकाळपासून दुसरें कांहीं खाल्लें नव्हतें.

येणेंप्रमाणें थोरल्या खणाचें फिरणें संपलें. त्रिंबकपंतांची मान राहिली परंतु कारभार गेला. कोठारें दोन हंगामांनीं भरलीं. आणि मोल कशांत असतें याविषयीं शास्त्रीबोवांनीं एक ग्रंथ आरंभिला आहे, त्याच्या प्रती आतांपासून हातोहात जात आहेत, लिहून अद्याप एकही पान झालें नाहीं. बनाबाईंच्या म्हशी परत आल्या नाहींत आणि इनामही मिळालें नाहीं. त्या पोरीचे कान मात्र दोन हिवाळे झांकलेले होते, हें लेखकानें आपल्या डोळ्यांनीं पाहिलें आहे. लेखनसीमा.